भाऊंची बुलेट आणि माझा सायलेन्सर

लग्नाला वर्ष होत आलं होतं. एटापल्ली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. बायको ओसरीत तांदूळ निवडत होती आणि मी दौऱ्यावरून येऊन नुकताच पाय धुऊन बसलो होतो. एकाएकी तिनं मान वर केली आणि म्हणाली, "भाऊ आले वाटते."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी कान दिला. थोड्या वेळानं नाल्याच्या रपट्याकडून, म्हणजे तिथल्या बुटक्या पुलाकडून, तो आवाज आला. धप, धप, धप. संथ, भरलेला, घाई नसलेला. शेजारच्या क्वार्टरमधल्या भाऊंची बुलेट.

"अन् मी येतो तवा?" मी विचारलं. "तवा समजते काय तुले?"

"समजते ना. गाडी अंगनात आली का समजते."

तिनं सुपात पुन्हा बोटं घातली. तिला काही लागेल असं बोलायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते वाक्य माझ्या जिवाला झोंबलं ते झोंबलंच.

भाऊ आणि मी एकाच कामावर होतो. मलेरियाच्या गावांतून फिरायचं, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, पट्ट्या तपासायला आणून द्यायच्या. ते माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. त्यांचं घर ब्रह्मपुरीकडे, बायका-पोरं तिकडेच. इथं एकटेच राहायचे, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा आमच्याकडे जेवायचे. येताना हात रिकामा नसायचा. श्रावणात रानातल्या सात्या, म्हणजे तुम्ही ज्याला अळंबी म्हणता त्या, पळसाच्या पानात बांधून आणायचे. उन्हाळ्यात चारोळीची फळं. बायको खूश व्हायची. मीही खायचो, आणि खाताना मनात म्हणायचो, हे आपल्याला काऊन सुचत नाही?

माझ्याकडेही गाडी होती. गोंडपिपरीच्या एका मास्तरांची जुनी टू-स्ट्रोक मी विकत घेतली होती. गोंडपिपरीजवळच आमचं गाव. आमच्या वस्तीतली ती पहिली मोटारसायकल. बापानं, ज्याचा सगळा जन्म दुसऱ्याच्या बांधावर गेला, ती विहारासमोर उभी करून तिला हार घातला होता आणि आल्यागेल्याला बोलावून दाखवली होती. त्या दिवशी तिच्याइतकी सुंदर वस्तू जगात नव्हती. आणि इथं आल्यावर, बुलेटच्या शेजारी उभी केली की ती एकदम शेळीसारखी दिसायची. आवाज तर असा की कोणी शेंगा फोडत बसलंय.

गाडीपुरतंच असतं तरी मी सोसलं असतं. पण डॉक्टरसाहेबांना एखाद्या लांबच्या गावाची माहिती हवी असली की ते भाऊंनाच हाक मारत. आठवड्याच्या शेवटी टेबलावर पट्ट्यांचे खोके ठेवले जात, तेव्हा भाऊंचा खोका भरलेला आणि माझ्या खोक्यात अर्ध्या खाचा रिकाम्या. ज्या गावात बाया मला पाहून पोरं घरात ओढत, त्याच गावात त्याच बाया भाऊंसमोर पोराचं बोट स्वतः धरून पुढं करत, असं मी ऐकत होतो. मी याचा पुष्कळ विचार केला, आणि मत्सरी माणूस जसा विचार करतो तसाच केला. बारा वर्षांची नोकरी, त्यांना येणारी गोंडी, त्यांचा स्वभाव, यातलं काही मी हिशेबात धरलं नाही. मला वाटलं, हा सगळा त्या आवाजाचा प्रताप. माणूस यायच्या आधी त्याचा आवाज येतो, लोक वाट पाहत उभे राहतात. आपण मात्र अंगणात येईपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नसतो.

बुलेट घेणं माझ्या आवाक्यात नव्हतं. पण आवाज घेता येईल, असं माझ्या डोक्यात आलं.

दिवाळीच्या सुटीत गावी गेलो तेव्हा बायकोला घरी ठेवून मी एकटाच चंद्रपूरला निघालो. जटपुरा गेटाच्या बाहेर तेव्हा दुरुस्तीची चार-पाच दुकानं एका रांगेत होती. त्यातल्या एका मिस्त्रीला मी ओळखत होतो, आमच्याच नात्यातल्या लोकांच्या शेजारी राहणारा. जयभीम झाला, चहा झाला, आणि मी विषय काढला.

"सायलेन्सर बदलाचा हाय."

"काऊन? फुटला काय?"

"फुटला नाई. आवाज पायजे."

त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग आतून तीन सायलेन्सर आणून गोणपाटावर मांडले. पहिला कंपनीच्या धाटणीचाच, फक्त नवा. दुसरा कोण्या लोहारानं ठोकून केलेला, बाटलीसारखा, मागं निमुळता. तिसरा लांब, चकचकीत, मागं कर्ण्यासारखं रुंद तोंड. मी तिसऱ्याच्या तोंडात डोळा लावून पाहिलं. पलीकडचा रस्ता दिसला.

"याच्यात जाळीच नाई," मिस्त्री म्हणाला. "आवाज जे दाबते ना, थे आतली जाळी दाबते. हा नुसता पाईप हाय. वाजन खूप, पण गाडीची ताकद जाईन. चढावर रडन. पेट्रोल पिईन थे वेगळंच."

"बुलेटसारखा वाजणारा यातला कोनता?"

तो मोठ्यानं हसला. "भाऊ, मांजरीच्या गळ्यात ढोल बांधला तं वाघ होते काय? या इंजिनातून बुलेट नाई निघत."

मला राग आला, पण मी तो गिळला. बाटलीवाला लावून पाहिला. आवाज चिरका होता, कानात सुई गेल्यासारखा. मग तिसरा लावला. मिस्त्रीनं किक मारून रेस दिली आणि समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून पाहायला लागली. चार-पाच अनोळखी माणसं एकदम वळली. माझं ठरलं.

"शयरातून हळू जाजो," मिस्त्रीनं नट आवळता आवळता सांगितलं. "हवालदार धरते. गाडीचा सायलेन्सर असा बदलता येत नाई, कायद्यात बसत नाई थे."

"जंगलात कोन धरते?"

"थे तुह्यं तू पाय." माझा जुना सायलेन्सर त्यानं पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. "हा ठेवतो. लागन तवा घेऊन जा."

मला धरायला जंगलापर्यंत जावं लागलंच नाही. तिथून परस्पर नोकरीवर परतताना गडचिरोलीच्या चौकातच हवालदारानं काठी आडवी घातली.

"काऊन बे, कोनाच्या वरातीत चालला?"

मी आरोग्य खात्याचं ओळखपत्र काढलं. "साहेब, कंपनीचा जळला. हा तात्पुरता लावला."

"तात्पुरता म्हनजे किती दिवस?"

"चार दिवस."

"सायलेन्सर आवाज दाबासाठी राहते बाबू, वाढवासाठी नाई. शाळा शिकलेला दिसते तू. पुन्हा दिसला तं चलान फाडीन."

मी मान हलवली. पुढच्या वळणापर्यंत गाडी हळू नेली, मग पुन्हा हँडलचा कान पिळून रेस वाढवली. त्यानं समजावून सोडलं होतं आणि मी तोंडावर खोटं बोललो होतो. त्याची लाज मला बऱ्याच वर्षांनी वाटली. तेव्हा फक्त सुटल्याचा आनंद होता.

पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन भाऊबंदांतलं कोणी येणार होतं. ती पोचल्यानंतरच्या पहिल्या दौऱ्यावरून मी मुद्दाम दिवसाउजेडी परतलो. रपटा ओलांडला आणि रेस वाढवली. क्वार्टरपर्यंत आवाज दणदणत नेला. ओपीडीच्या व्हरांड्यात बसलेले पेशंट उठून उभे राहिले होते. डॉक्टरसाहेब स्टेथोस्कोप गळ्यात तसाच घेऊन दारात आले, त्यांना ट्रक वाटला. आणि बायको धावत बाहेर आली, हाताला पीठ.

"काय झालं गाडीले?" ती घाबरून म्हणाली. "फुटली काय?"

"नवा सायलेन्सर हाय."

"अगाई," ती म्हणाली आणि कपाळाला पीठ लावून घेत आत गेली.

भाऊ तेवढ्यात आपल्या ओसरीतून आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून ते कर्ण्यासारखं तोंड पाहिलं. "चांगलं चमकते," म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "बाबू, गावाच्या बाहेर बंद करत जाजो. आवाज मोठा हाय."

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जळला. पहिल्यांदा हा माणूस माझ्यावर जळला. त्या जेवणात मी दोनदा भात मागून घेतला.

जेवण झाल्यावर, भाऊ गेल्यावर, मी बायकोला चिडवायच्या सुरात म्हणालो, "आता तरी माही गाडी समजन तुले. आजवर तं त्यायच्याच गाडीकडं कान लागून राहे."

ती भांडी गोळा करत होती. हात थांबवून तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "थे आले का मूठभर तांदूळ जास्तीचे टाकाव लागते, म्हून कान देतो मी. तुमचे तं आधीच टाकले राहते."

उत्तर इतकं साधं होतं की मी त्यावर विश्वास ठेवला नाही.

त्यानंतरचा महिना मी सूरजागडच्या डोंगरापलीकडच्या गावांत फिरलो. मिस्त्री म्हणाला तसंच झालं. चढावर गाडी रडायची, मी उतरून ढकलायचो. पण सपाटीवर आवाज असा घुमायचा की झाडांवरची पाखरं उडायची. पहिल्या गावात शिरलो तर गावात कोणी नाही. चुलीवर आंबील शिजत होती, अंगणात धान वाळत होतं, कोंबड्या होत्या, माणूस नव्हता. कुठं तरी पंचायत बसली असेल म्हणून तासभर थांबलो आणि निघालो. दुसऱ्या गावी तेच. तिसऱ्या गावात एक म्हातारा तेवढा झाडाखाली बसला होता. त्याला चालता येत नसावं. मोडक्या मराठीत त्यानं सांगितलं, "सरकार आला. समदे पळाले."

"कोन सरकार?"

त्यानं माझ्या गाडीकडे बोट दाखवलं. मग हातानं फटफटीचा कान पिळल्यासारखं करून दाखवलं आणि जंगलाकडे हात फिरवला. त्या वर्षांत त्या भागात मोठा आवाज करत येणारी गाडी म्हणजे एक तर बांबू कोणी तोडला विचारणारी वनखात्याची, नाही तर पोलिसांची. तिसरी कोणाची असणार? आवाज मैलभर आधी पोचत होता. माझ्या मनासारखंच झालं होतं, फक्त वाट पाहायला कोणी थांबत नव्हतं.

इतकं कळूनही मी सायलेन्सर काढला नाही. डॉक्टरांना सांगितलं, "लोक सहकार्य करत नाहीत." काढला असता तर भाऊंचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि ते मला नको होतं.

मग एके दिवशी दुपारी चार माणसं बाज खांद्यावर घेऊन आली. बाजेवर एक गरोदर बाई होती, सात-आठ महिन्यांची. घोटा सुजून पायलीएवढा झाला होता. आम्ही सगळे बाहेर आलो. तिला मराठी येत नव्हती. डॉक्टर नवे, त्यांना गोंडी येत नव्हती. भाऊ बाजेजवळ उकिडवे बसले आणि तिच्याशी हळूहळू बोलायला लागले. ती सांगत होती आणि मधे मधे हात वर करून तीच खूण करत होती, कान पिळल्याची. त्या चौघांपैकी एकानं माझ्याकडे पाहिलं, मग शेडमध्ये उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे.

"काय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं.

भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "रानात धावताना पाय घसरला म्हनते."

"धावत कशाला होती अशा दिवसांत?"

"भेली असन कायले तरी."

डॉक्टरांनी पोट तपासलं. बाळाचे ठोके नीट होते. पाय बांधून दिला. तिचं पुढं बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली, हे मला नंतर कळलं, भाऊंकडूनच. पण त्या दुपारी मी शेडच्या मागं जाऊन उभा राहिलो होतो. बाईबद्दल वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठी आग दुसरी होती. त्या भाऊ नावाच्या माणसानं मला वाचवलं होतं. न विचारता, न मागता, सगळ्यांसमोर, कोणाला कळू न देता. असा मोठेपणा करायची संधीही त्यालाच मिळावी?

त्याच संध्याकाळी काढायला हवा होता तो सायलेन्सर, जुना येईपर्यंत पायी फिरलो असतो. मी म्हटलं उद्या. उद्याचे आठ दिवस झाले. नवव्या दिवशी बाजारातून येताना ठाण्यासमोर मला थांबवलं. नवे फौजदार आले होते, तरुण, काटेकोर. त्यांनी कागद पाहिले, मग खाली वाकून सायलेन्सर पाहिला.

"हा कंपनीचा नाही."

"नाही साहेब."

"आरोग्य खात्यात आहात ना? दवाखान्यासमोर हॉर्नसुद्धा वाजवू नये म्हणून पाटी असते. तुम्ही राहता कुठं?"

"दवाखान्याच्याच क्वार्टरात."

त्यांनी चलानाचं पुस्तक उघडलं. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चलान लिहिलं आणि सांगितलं, "मूळ सायलेन्सर आणा, इथंच बसवा, मग गाडी न्या. तोवर जमा."

मूळ सायलेन्सर चंद्रपूरला मिस्त्रीच्या माळ्यावर. रजा शिल्लक नव्हती. मी पायी दौरे सुरू केले. डॉक्टरांनी मला काही दिवस भाऊंच्या जोडीला दिलं, त्यांच्या बुलेटवर मागं बसून. ते मला गाडी जप्त होण्याहून जड गेलं.

पहिल्याच दिवशी गाव अजून बरंच लांब असताना, एका मोहाच्या झाडाखाली भाऊंनी गाडी बंद केली.

"काय झालं?" मी विचारलं.

"कायी नाई. आता पायी."

गाडी स्टँडला लावून ते चालायला लागले. गावाच्या तोंडाशी आल्यावर मोठ्यानं "जोहार!" म्हणून हाक दिली. आतून कोणी तरी "जोहार" म्हटलं. मग दुसऱ्या गावी तसंच, तिसऱ्या गावी तसंच. आधी सायकल होती तेव्हाही ते ती बाहेरच ठेवायचे म्हणे. "आपन कोनाच्या घरी जातो तं चपला बायेर काढतो ना," एवढंच त्यांनी सांगितलं.

मी बाजेवर बसून पट्ट्यांवर नावं लिहीत होतो आणि बाया आपापल्या पोरांची बोटं पुढं करत होत्या. ज्या गावांत भाऊंना सगळे ओळखत होते, त्या गावांत त्यांच्या बुलेटचा आवाज कधी पोचलाच नव्हता. इतके महिने मी ज्या आवाजावर जळलो, ज्याच्यासाठी कायदा मोडला, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. एखाद्याला हे कळून शांत वाटलं असतं. मला उलट झालं. गाडीवर जळणं सोपं होतं. आता जळायला माणूसच उरला.

पंधरा दिवसांनी भाऊ घरी ब्रह्मपुरीला गेले. परतले ते एक दिवस उशिरा, कपडे धुळीनं लाल. बुलेटच्या मागं पोत्यात बांधलेलं काही तरी होतं. त्यांनी ते आमच्या ओसरीत ठेवलं. माझा जुना सायलेन्सर. ब्रह्मपुरीहून चंद्रपूर वाटेवर येत नाही. मुद्दाम गेले होते.

"पत्ता कोनं देल्ला?" मी विचारलं.

"बाईनं." त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ठाण्यात गेलो. भाऊंनीच जमिनीवर आडवं होऊन तो कर्णा काढला आणि जुना बसवला. मी पाना हातात देत होतो. हवालदारानं भाऊंसाठी खुर्ची आणली, चहा आणला. मग माझ्यासाठीही आणला. फौजदारांनी गाडी चालू करून पाहायला सांगितली. तोच जुना आवाज. "ठीक आहे," ते म्हणाले आणि सही घेतली.

मला भाऊंना काही तरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते असं: "मिस्त्रीले काय देल्लं? सांगा, देऊन टाकतो."

"त्याले काय देतो? तुहाच होता थो." ते हात पुसत उठले.

आभार मी तेव्हा मानले नाहीत. त्या रात्री जेवायला बोलावलं नाही. बायकोनं बोलावलं.

वर्षभरानं त्यांची बदली सिरोंच्याला झाली. जायच्या दिवशी त्यांनी आपल्या गावांची वही माझ्या हातात दिली. कोणत्या गावात नाला कधी भरतो, कोणत्या घरात म्हातारी ऐकत नाही, कोणाला सुईची भीती वाटते, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. मी वही घेतली. बायको रडली. मी गाडीला बॅग बांधायला मदत केली, जरा जास्तच घट्ट.

ती गावं पुढं सहा वर्षं माझ्याकडे होती. मी मोहाच्या झाडाखाली गाडी लावायचो, पायी जायचो, जोहार करायचो. हळूहळू लोक थांबायला लागले, पोरं पुढं व्हायला लागली. पण पहिली दोन वर्षं प्रत्येक गावात पट्टी भरून झाली की कोणी तरी विचारायचंच, "थो भाऊ कसा हाय?" आणि दरवेळी, अगदी दरवेळी, छातीत ती बारीक कळ उठायची. मी खोका बंद करत सांगायचो, "बरा हाय. मजेत हाय. तुमाले विचारते." ते ऐकून त्यांचे चेहरे खुलायचे.

मी भाऊंना एकही पत्र टाकलं नव्हतं.